राजद्रोह, देशद्रोह आणि शिरोळच्या मास्तरांचा प्रश्न

शिरोळ तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात मांडतो. १० मे २०२५ च्या संध्याकाळी भारत-पाकिस्तानमधली चार दिवसांची लढाई थांबल्याची बातमी आली. त्या रात्री सरांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "लढाई थांबल्याचं आपल्याला आधी अमेरिकेच्या अध्यक्षांकडून का कळतं? आपलं परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं की वॉशिंग्टनला? आणि पहलगामला बंदोबस्त का नव्हता, हे विचारायचं कुणी?" गाव पलटणीत पोरं पाठवणारं. 'देशद्रोही मास्तर', 'पाकिस्तानला जावा' असं दोन दिवस चाललं आणि विषय मिटला. आता इतक्या महिन्यांनी कुणीतरी त्याचे स्क्रीनशॉट जोडून पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. त्याची प्रत संस्थेलाही गेली आणि संस्थेनं 'सात दिवसांत खुलासा करा' म्हणून मेमो काढलाय. सरांचे तीन प्रश्न आहेत: हा गुन्हा होतो का, माफी लिहून देऊन विषय संपवू का, आणि नोकरी जाईल का?

पहिल्याचं उत्तर: नाही. दुसऱ्याचं: थांबा, काही लिहून देऊ नका. तिसऱ्याचं: खरी लढाई तिथंच आहे, आणि अर्ज देणाऱ्यालाही ते ठाऊक असावं. पत्राच्या चौथ्या पानावर तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुख्याध्यापकपदाच्या ज्येष्ठता यादीवरून वाद सुरू आहे. सर, ते पहिल्या पानावर लिहायला हवं होतं. तीस वर्षांच्या वकिलीत असले अर्ज मी बरेच पाहिले. त्यातल्या निम्म्यांच्या मागं देश नसतो, बांध असतो, सोसायटीची निवडणूक असते, नाहीतर ज्येष्ठता यादी असते.

आता कायदा. 'देशद्रोह' नावाचा गुन्हा आपल्या दंडसंहितेत कधीच नव्हता. कलम १२४-अ ला मराठीत राजद्रोह म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे, कारण ते कलम राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी केलेलं होतं. कायद्यानं प्रस्थापित सरकारबद्दल द्वेष, तुच्छता किंवा अप्रीती निर्माण करणं, हा तो गुन्हा. घटना समितीनं १९४८ मध्ये भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांच्या मसुद्यातून राजद्रोह हा शब्द काढून टाकला, तरी दंडसंहितेत कलम राहिलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं, पण आवळून: हिंसेला किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवायला चिथावणी असेल तरच गुन्हा. ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या कलमाखालचे खटले थांबवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, दंडसंहिता गेली आणि तिच्याबरोबर १२४-अ ही गेलं.

त्या जागी कलम १५२ आलं. तुमच्याविरुद्धच्या अर्जात हेच लिहिलेलं आहे. शिक्षा जन्मठेपेची किंवा सात वर्षांपर्यंतची, म्हणून वाचताना घाम फुटतो. पण ते शांतपणे वाचा. त्यात 'सरकार' विरुद्ध अप्रीती हा भागच राहिलेला नाही. हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून फुटून निघण्याला, सशस्त्र बंडाला, विध्वंसक कारवायांना चिथावणी देणं, फुटीरतेच्या भावनेला उत्तेजन देणं, देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणं, असं ते कलम आहे. शिवाय सरकारच्या धोरणांबद्दल, कृतींबद्दल कायदेशीर मार्गानं बदल व्हावा म्हणून नापसंती दाखवणं, हे त्याच्या स्पष्टीकरणात आधीच बाहेर ठेवलंय. 'विध्वंसक कारवाया' हे शब्द फार सैल आहेत, ठाण्यात बसलेल्या माणसाला त्यात काहीही कोंबता येतं, ही माझी तक्रार आहेच. तरीही परराष्ट्र धोरण कुठं ठरतं असं विचारणं त्यात बसवायचं तर भाषेचाच गळा दाबावा लागेल.

"पण साहेब, तेव्हा युद्ध चालू होतं," असं तुमच्या संस्थेच्या सचिवांचं म्हणणं आहे म्हणे. हे वाक्य मी बार रूममध्येही ऐकलंय, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. युद्ध सुरू झालं म्हणून भाषणस्वातंत्र्य आपोआप बंद पडत नाही. त्यासाठी राष्ट्रपतींनी अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणी जाहीर करावी लागते, मग अनुच्छेद ३५८ मुळे अनुच्छेद १९ बाजूला पडतो. २६ ऑक्टोबर १९६२ ला चीन युद्धात तसं झालं आणि ती आणीबाणी १९६८ पर्यंत चालली. ३ डिसेंबर १९७१ ला परत झालं. कारगिलच्या वेळी १९९९ ला झालं नाही, मे २०२५ मध्येही नाही. म्हणजे तुम्ही ते वाक्य लिहिलंत तेव्हा अनुच्छेद १९ जसाच्या तसा लागू होता.

आणि आणीबाणी असतानाही काय झालं ते पाहा. ऑगस्ट १९६५ मध्ये राममनोहर लोहियांना पाटण्यात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला ७ सप्टेंबर १९६५ ला. आदल्याच दिवशी आपलं सैन्य पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेनं गेलं होतं. अशा वेळी न्यायालयानं स्थानबद्धतेचा आदेश टिकत नाही म्हणून लोहियांची सुटका केली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी त्यात तीन वर्तुळांचा दृष्टान्त दिला. सगळ्यात मोठं वर्तुळ कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षिततेचं. बाहेरच्या वर्तुळात काही हललं म्हणून आतलं हललं असं होत नाही. तुमच्या ग्रुपवर चार जण चिडले हे पहिल्या वर्तुळाच्या काठावरसुद्धा येत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातला निकाल. तो तुमच्या खिशात असायला हवा. ऑगस्ट २०२२ मध्ये हातकणंगले पोलीस ठाण्यात एका प्राध्यापकावर गुन्हा दाखल झाला. मूळचे काश्मीरचे, इथल्या कॉलेजात शिकवणारे. पालक आणि शिक्षकांचा ग्रुप होता आणि त्यांनी स्टेटस ठेवलं होतं: ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, ३७० रद्द झालं, आम्ही खूश नाही, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. कलम लावलं १५३-अ, गटागटांत शत्रुत्व वाढवण्याचं. १० एप्रिल २०२३ ला उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. मग सर्वोच्च न्यायालयात ७ मार्च २०२४ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. निकालाचा आशय असा: ३७० रद्द करण्याच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. काळा दिवस म्हणणं हा निषेध आहे. दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देण्यात गैर नाही. सरकारवरची प्रत्येक टीका गुन्हा ठरवली तर लोकशाही तगणार नाही. आणि पोलीस यंत्रणेला भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय ते शिकवायची वेळ आलीय, असंही न्यायालय म्हणालं. हे हातकणंगल्याच्या गुन्ह्यावर म्हटलंय सर, तुमच्या ठाण्यापासून मोटारसायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर.

त्या निकालातला एक धागा नागपूरला जातो. शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेनं मोजायचा? १९४७ च्या नागपूर उच्च न्यायालयाच्या निकालात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहून ठेवलंय की समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या नजरेनं. डळमळीत मनाच्या, प्रत्येक उलट्या मतात धोका दिसणाऱ्या माणसाच्या नजरेनं नाही. ही कसोटी आजही लागते. अर्जदाराच्या भावना दुखावल्या हे खरं असेलही, पण मोजमापाची काठी ती नव्हे.

मग धोका कुठं असतो? टीकेत नसतो, तपशिलात असतो. मे महिन्यात पुणे-बंगळूर महामार्गावर लष्करी गाड्यांचा ताफा दिसला, कुणी फोटो काढून ठिकाण आणि वेळ टाकून ग्रुपवर सोडला, तर तिथं मी त्याला हसून सोडणार नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून जिवंत आहे. २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांनाही लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका म्हणून बजावलं होतं. विमान पडलं, अमुक तळ उडाला, असलं ऐकीव सांगणं धोक्याचं. जवानांना हुकूम पाळू नका म्हणणं तर सरळ न्याय संहितेचं कलम ३५३. आणि एखाद्या समाजाकडं बोट दाखवून 'हे सगळे तिकडचे' म्हणणं हे कलम १९६. गंमत म्हणजे तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ते शेवटचं वाक्य आहे. ते तुमचं नाही, तुम्हाला देशद्रोही म्हणणाऱ्याचं आहे.

तथ्यं तपासण्याबद्दल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बसले ते आपल्याच संस्थानाच्या प्रकरणात. छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर त्यांनी लिहिलं. कळकळ खरी होती, पण ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट निघाली, आणि खटला अब्रुनुकसानीचा होता. तुमच्या पोस्टमध्ये मला कच्चं काही दिसत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांची घोषणा आधी आली हे जगानं पाहिलंय. सरकारचं म्हणणं असं की निर्णय दोन्ही देशांच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांमध्ये थेट बोलून झाला, तिसरा कुणी मध्ये नव्हता. खुलाशात हे सरकारी उत्तरही लिहा, त्यानं तुमचा प्रश्न प्रामाणिक दिसतो. जुलैच्या शेवटी लोकसभेत या मोहिमेवर चर्चा झाली तेव्हा विरोधकांनी हेच विचारलं आणि पंतप्रधानांनी उत्तर दिलं. फक्त खासदारांना सभागृहात अनुच्छेद १०५ चं संरक्षण असतं, तुम्हाला नाही, एवढा फरक ध्यानात ठेवा.

ज्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे तिथं सरकारवर बोललं की ते जवानावर बोलल्यासारखं ऐकू येतं. हा राग खोटा नसतो. सैनिक टाकळीसारखी गावं तुमच्याच तालुक्यात आहेत. पण फौजी स्वतः काय बोलतात तेही ऐकलंय मी. माझे चुलते १९६५ ला मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ताश्कंद करारात हाजीपीर खिंड परत दिली यावरून ते मरेपर्यंत दिल्लीला शिव्या घालत होते. चावडीवर, पारावर, सगळ्यांसमोर. त्याच करारावरून केंद्रात मंत्री असलेले महावीर त्यागी राजीनामा देऊन बाहेर पडले. चुलत्यांना देशद्रोही म्हणायची कुणाची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

१९६२ चं तर काय सांगावं. लढाई चालू असताना छत्तीस-सदतीस वर्षांच्या वाजपेयींनी संसदेचं अधिवेशन तातडीनं बोलवा म्हणून धरलं, नेहरूंनी ते ८ नोव्हेंबरला बोलावलं, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन टीकेपुढं गेले आणि आपले यशवंतराव दिल्लीला गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपण अभिमानानं सांगतो, पण तो धावला कशामुळं? भर युद्धात लोकांनी आणि खासदारांनी सरकारला धारेवर धरलं म्हणून. पुढं ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. ३४७ विरुद्ध ६२ मतांनी पडला, पण चर्चा चार दिवस झाली. दुसरी बाजूही सांगायला हवी: त्याच काळात शेकडो कम्युनिस्ट 'चीनधार्जिणे' म्हणून आत गेले. कम्युनिस्ट पक्षातला श्रीपाद डांग्यांचा गट सरकारच्या बाजूनं उभा राहिला असतानाही गल्लीतल्या माणसाला सगळे लाल बावटेवाले एकच वाटायचे.

शिक्का बसायला टीकाच करावी लागते असंही नाही. १० मे ला लढाई थांबल्याचं अधिकृतपणे सांगणारे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांना इतक्या शिव्या पडल्या की त्यांना स्वतःचं एक्स खातं कुलूपबंद करावं लागलं. पहलगाममध्ये नवरा गमावलेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीनं मुस्लिम आणि काश्मिरी लोकांच्या मागं लागू नका म्हटलं, तिलाही सोडलं नाही. तुम्ही एकटे नाही, इतकंच.

आता ठाण्याचं. तिथं बोलावतील. जा, टाळू नका. 'चहा प्यायला या' असा फोन आला तरी लेखी नोटीस मागा, आवाज न चढवता. कलम १९६ सारख्या तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती करावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला एका कवितेच्या खटल्यात सांगितलंय. खंडपीठ तेच, ओक आणि भुयान. अटकेऐवजी त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस देता येते. पण १५२ ला हे दोन्ही आडोसे नाहीत, शिक्षा मोठी म्हणून. अर्जात १५२ घुसवायचा खटाटोप त्यासाठीच असतो. मे मध्येच पुण्यात एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीनं लढाईवरची कुणाचीतरी पोस्ट पुढं ढकलली, दोन तासांत काढली, तरी अटक झाली, कॉलेजनं नाव काढून टाकलं. २७ मे ला उच्च न्यायालयानं सोडलं, परीक्षेला बसू दिलं आणि सरकारला फैलावर घेतलं. पण तोवर पोरीचे दोन पेपर आणि अडीच आठवडे गेले होते. न्याय मिळतो हो, पण मधले दिवस कुणी भरून देत नाही.

आपल्याकडं एक सोय आता झालीय. पूर्वी गुन्हा रद्द करायला मुंबईच्या गाड्या धराव्या लागत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतंय. गुन्हा रद्द करण्यासाठीचा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ चा अर्ज तिथंच करता येतो.

माफीनाम्याबद्दल पोटतिडकीनं सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं एक पक्षकार आला, असाच नोकरदार. ठाण्यात कुणीतरी समजुतीनं सांगितलं, दोन ओळी लिहून द्या, विषय संपेल. याने लिहून दिलं: 'माझ्या हातून देशविरोधी कृत्य घडले, पुन्हा घडणार नाही.' मजकूर सांगणारा दुसराच. पोलिसांपुढची कबुली खटल्यात पुरावा होत नाही, हे खरं. पण त्याची झेरॉक्स संस्थेकडं गेली आणि खात्यांतर्गत चौकशीत पहिला कागद म्हणून तीच लागली. तिथं पुराव्याचे नियम एवढे कडक नसतात. तीन वर्षं लागली त्याला परत हजर व्हायला. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर 'जवानांचा अवमान करण्याचा हेतू नव्हता आणि नाही' इतकं लिहा, कारण ते खरं आहे. त्यापुढं 'देशविरोधी', 'गैरकृत्य', 'चूक' यातला एकही शब्द कागदावर येऊ देऊ नका.

नोकरी. तुम्ही सरकारी कर्मचारी असता तर १९७९ चे वर्तणूक नियम आडवे आले असते, त्यात सरकारच्या धोरणावर जाहीर टीकेला बंदी आहे. तुम्हाला १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ चे नियम लागू. चौकशी समिती, दोषारोपपत्र, बाजू मांडायची संधी, यातलं काही न करता कायम शिक्षकाला काढता येत नाही. काढलंच तर शाळा न्यायाधिकरणाकडं ३० दिवसांत अपील, आणि तेही कोल्हापुरातच आहे. मेमोचं उत्तर मुदतीत द्या, पोच घ्या. उत्तरात ज्येष्ठतेच्या वादाचा तारखांसह उल्लेख करा, म्हणजे अर्ज मे मध्ये न येता आत्ताच का आला, हे वाचणाऱ्याला आपसूक दिसेल.

तुम्हाला 'देशद्रोही' म्हणणाऱ्यांवर न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीची फिर्याद करता येते, कोर्टात, खासगी. धमकी असेल तर ३५१. करता येते म्हणून करा असं मी म्हणत नाही. गावात राहायचंय तुम्हाला. ज्यानं घर फोडू म्हणून लिहिलंय त्याच्याविरुद्ध मात्र ठाण्यात लेखी तक्रार देऊन ठेवा. २०२३ च्या जूनमध्ये स्टेटसवरून कोल्हापूर शहर कसं पेटलं, इंटरनेट बंद करावं लागलं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. असल्या वाक्यांना थट्टा समजायचे दिवस गेले.

बुधवारी दुपारनंतर कसबा बावड्याला न्यायसंकुलात असतो, या. येताना अर्जाची प्रत, मेमो, नेमणुकीचा आणि कायम केल्याचा आदेश, ज्येष्ठता यादीवरचा तुमचा पत्रव्यवहार आणि त्या रात्रीचं पूर्ण संभाषण आणा, फक्त तुमच्या तीन ओळी नकोत. फोनमधलं काही पुसू नका. ग्रुप सोडायची घाई करू नका, सोडलात तर बाकीच्यांनी काय लिहिलं ते दाखवायला तुमच्याकडं काही उरणार नाही.